बेटावरच्या बुटक्या मॅमथचं माप आणि वय कसं काढायचं

डोरोथिया बेट (Bate) या ब्रिटिश संशोधिकेला 1904 साली क्रीट बेटाच्या किनाऱ्यावर, मालेका भूशिरापाशी, हत्तीच्या लहान लहान दाढा सापडल्या. 1907 साली तिने या प्राण्याला 'एलिफस क्रेटिकस' असं नाव दिलं. पुढे शंभर वर्षं हा प्राणी नेमका कोण आणि केवढा, यावर वाद चालू राहिला. 2012 साली व्हिक्टोरिया हेरिज आणि एड्रियन लिस्टर यांनी त्या दाढा नव्याने तपासल्या आणि त्याच जागी मिळालेलं पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं दंडाचं हाड मोजलं. हा मॅमथ होता. खांद्यापर्यंत उंची 1.13 मीटर, वजन सुमारे 310 किलो. म्हणजे पहिलीतलं मूल शेजारी उभं केलं, तर दोघं जवळपास सारख्याच उंचीचे दिसतील.

हे आकडे वर्तमानपत्रात एका ओळीत येतात. त्या ओळीमागची रीत मात्र कुणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. म्हणून इथे ती पायरीपायरीने मांडतो. जीवशास्त्राचे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, संग्रहालयात सांगाड्यासमोर पाय रेंगाळणारा कुणीही, सगळ्यांना ती जमण्यासारखी आहे. शिंप्याची टेप, एक कॅलिपर, कॅल्क्युलेटर आणि भरपूर सबुरी एवढंच लागतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे 'वय' हा शब्द दोन अर्थांनी येतो. प्राणी मेला तेव्हा किती वर्षांचा होता, हे एक वय. तो किती हजार किंवा लाख वर्षांपूर्वी जगला, हे दुसरं. बुटक्या मॅमथच्या बाबतीत दोन्ही लागतात, आणि पहिलं वय कळल्याशिवाय मापाला काही अर्थ नसतो. खांद्यापर्यंत सव्वा मीटर उंचीचा हत्तीचा छावा आजही कुठल्याही कळपात दिसतो. त्याला कुणी बुटका म्हणत नाही.

पहिली पायरी: हा मॅमथच आहे का?

भूमध्य समुद्रातल्या बेटांवर बुटके हत्ती बरेच होऊन गेले, पण त्यातले बहुतेक मॅमथ नव्हेत. सिसिली, माल्टा, सायप्रस आणि टिलोस इथले बुटके हत्ती सरळ सुळ्यांच्या हत्तींच्या घराण्यातले, म्हणजे पॅलिओलॉक्सोडॉन. याच घराण्यातला एक प्रचंड प्राणी आपल्याकडे होता, पॅलिओलॉक्सोडॉन नामाडिकस. त्याचं नाव नर्मदेवरून पडलं आणि त्याचे अवशेष गोदावरीच्या गाळातही मिळाले आहेत. त्या घराण्याचं एक टोक म्हणजे आपल्या नद्यांकाठचा हा महाकाय हत्ती, आणि दुसरं टोक म्हणजे सिसिलीतला मीटरभर उंचीचा पॅलिओलॉक्सोडॉन फाल्कोनेरी. मॅमथची बुटकी जात ठामपणे ज्या बेटांवर दाखवता येते ती मोजकीच: क्रीट, सार्डिनिया आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरची चॅनेल बेटं.

ओळख पटवायची ती दाढेवरून. हत्तीची दाढ म्हणजे एकामागे एक उभ्या लावलेल्या चपट्या पट्ट्यांचा गठ्ठा. झिजलेल्या पृष्ठभागावर प्रत्येक पट्टीभोवती दंतवल्काचं कडं दिसतं. पॅलिओलॉक्सोडॉनमध्ये ही कडी मधोमध फुगून शंकरपाळ्यासारखी होतात. मॅमथमध्ये ती बहुधा एकमेकींना समांतर आणि सपाट राहतात.

मग पट्ट्या मोजायच्या. मोठ्या मॅमथांच्या शेवटच्या दाढेत पट्ट्यांची संख्या काळानुसार वाढत गेली. जुन्या 'दक्षिणी' मॅमथमध्ये साधारण 12 ते 14, लोकरी मॅमथमध्ये 24 च्या आसपास. इथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. दाढ पुढून झिजत जाते, त्यामुळे पुढच्या पट्ट्या आधीच नाहीशा झालेल्या असू शकतात. पुढचं मूळ शाबूत असेल तरच मोजणी पूर्ण धरायची, नाहीतर 'किमान इतक्या' असं लिहायचं. दुसरी चूक जास्त फसवी. दर 10 सेंटीमीटरमध्ये किती पट्ट्या येतात, हे माप बऱ्याच ठिकाणी दिलेलं असतं. बुटक्या प्राण्याची दाढच लहान, पट्ट्या पातळ, त्यामुळे 10 सेंटीमीटरमध्ये त्या जास्त मावतात. ते पाहून प्राणी 'प्रगत' ठरवला, तर काळाचा हिशेब लाखो वर्षांनी चुकतो. बेटावरच्या दाढेत एकूण पट्ट्याच मोजाव्यात.

दुसरी पायरी: छावा की प्रौढ?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा.

हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहा दाढा येतात, पण एकदम नाही. मागून नवी दाढ पुढे सरकते आणि जुनी झिजून पुढून तुकड्या-तुकड्याने गळते. पहिल्या तीन दुधाच्या, पुढच्या तीन कायमच्या. सहावी साधारण तिशीत वापरात येते आणि साठी उलटल्यावर संपत येते. ती संपली की हत्तीचं खाणंच संपतं. मॅमथचाही क्रम हाच होता. म्हणून हातातली दाढ सहांपैकी कितवी हे ठरवलं, की मृत्यूच्या वेळचं वय बऱ्यापैकी कळतं. आफ्रिकन हत्तींसाठी रिचर्ड लॉज यांनी 1966 साली केलेले झिजेचे टप्पे यासाठी अजूनही आधाराला घेतले जातात.

धोकाही इथेच आहे. मोठ्या मॅमथची तिसरी किंवा चौथी दाढ आणि बुटक्या मॅमथची सहावी दाढ लांबीला सारखी भरू शकतात. नुसत्या लांबीवर जाऊ नका. दाढेचं मागचं टोक पाहा. तिच्यामागे आणखी एक दाढ येणार असेल, तर ती दाबून बसल्यामुळे मागच्या बाजूला सपाट खूण पडते. शेवटच्या दाढेला अशी खूण नसते आणि ती मागे निमुळती होत जाते.

दाढ नसेल तर लांब हाडांची टोकं पाहा. वाढत्या वयात हाडाचं टोक आणि मधला दांडा यांच्यात कूर्चेची चकती असते. वाढ संपली की ती हाडाने भरून दोन्ही भाग एकजीव होतात. हत्तीमध्ये हे ठरावीक क्रमाने होतं. दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक लवकर जुळतं, खांद्याकडचं बरंच उशिरा. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोकही उशिरा जुळतं आणि मनगटाजवळची टोकं त्याहूनही मागून. नरांमध्ये सगळंच माद्यांपेक्षा लांबतं. दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं टोक पक्कं जुळलेलं असेल, तर तो प्राणी जवळजवळ पूर्ण वाढलेला होता असं खात्रीने म्हणता येतं. फक्त कोपराकडचं टोक जुळलेलं असेल, तर 'अजून वाढला असता' एवढंच लिहा.

आजच्या हत्तीचे टप्पे बुटक्याला जसेच्या तसे लावताना जरा थांबावं लागतं. सिसिलीच्या बुटक्या हत्तीची हाडं, दाढा आणि सुळे कापून त्यांतल्या वाढीच्या रेषा मोजलेल्या आहेत. 2021 साली आलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की तो अतिशय सावकाश वाढायचा आणि किमान 68 वर्षं जगायचा. लहान प्राणी लवकर वाढतो आणि लवकर मरतो, हा आपला नेहमीचा अंदाज इथे साफ चुकला. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर शोध वाटतो. तो मॅमथचा नाही हे खरं, पण बेटावरच्या हत्तीचं वय नुसत्या आकारावरून लावू नये, यासाठी तो पुरेसा आहे.

तिसरी पायरी: उंची

जिवंत हत्तीसाठी आपल्या माहुतांचा जुना ठोकताळा आहे: पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट म्हणजे खांद्यापर्यंतची उंची. तो आश्चर्य वाटावं इतका बरोबर येतो. हाडांच्या बाबतीत मात्र पाऊल हाती नसतं, तिथे प्रमाण लावावं लागतं.

समजा तुमच्या जवळच्या संग्रहालयात आशियाई हत्तीचा सांगाडा आहे. खांद्यापर्यंत उंची 260 सेंटीमीटर आणि दंडाचं हाड 84 सेंटीमीटर. गुणोत्तर आलं 3.1. बेटावरचं हाड 40 सेंटीमीटर असेल, तर 40 गुणिले 3.1, म्हणजे 124 सेंटीमीटर. ही सांगाड्याची उंची झाली. जिवंत प्राण्याच्या अंगावर मांस, कातडी आणि तळव्याची गादी असते, त्यासाठी साधारण पाच ते सहा टक्के वाढवा: 130 ते 131 सेंटीमीटर.

या गणिताची मर्यादा उत्तराशेजारीच लिहून ठेवा. बुटक्या प्राण्याचं शरीर मोठ्याची हुबेहूब छोटी नक्कल नसतं. सिसिलीच्या प्रौढ हत्तीचं डोकं शरीराच्या मानाने मोठं होतं, बरंचसं छाव्यासारखं. पायाच्या हाडांची आपसातली प्रमाणंही बदललेली असू शकतात. म्हणून शक्य असेल तर एकाच हाडावर न थांबता दंड आणि मांडी, दोन्हीवरून उंची काढा. दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तुमच्या अंदाजाची प्रामाणिक रुंदी. एकाच हाडावरून 'या जातीची उंची' असं तर कधीच लिहू नये. नर मादीपेक्षा मोठा असतो, आणि एक हाड एकाच प्राण्याचं असतं.

चौथी पायरी: वजन

वजन दोन रीतींनी काढा आणि ताडून पाहा.

पहिली रीत घनाची. उंची निम्मी झाली की वजन आठवा हिस्सा होतं, कारण शरीर लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे लहान होतं. आशियाई हत्तीचा साधारण नर 2.75 मीटर उंच आणि 4 टन धरा. क्रीटच्या मॅमथसाठी 1.13 भागिले 2.75 म्हणजे 0.411. त्याचा घन 0.069, गुणिले 4,000, म्हणजे सुमारे 278 किलो. प्रसिद्ध झालेला अंदाज 310. सार्डिनियाच्या मॅमुथस लामार्मोराईची उंची 1.4 मीटर धरली तर या रीतीने 528 किलो येतात, प्रसिद्ध आकडा 550 च्या आसपास. छान जुळतं.

आता चॅनेल बेटांवरचा मॅमुथस एक्झिलिस घ्या. उंची 1.72 मीटर. घनाच्या रीतीने वजन जवळपास 980 किलो येतं, पण सगळीकडे छापलेला आकडा 760 आहे. दोनशे किलोंहून जास्त फरक! तो पाहून गोंधळून जाऊ नका, दोन पद्धती वेगवेगळी शरीरयष्टी गृहीत धरतात. मी स्वतः अशा वेळी '750 ते 1,000 किलो' असं लिहितो. एकच आकडा छापला की तो वजनकाट्यावर उभं करून घेतल्यासारखा वाटतो, आणि मग कुणी विचारतही नाही.

दुसरी रीत हाडाच्या घेराची. वजन पेलतो तो हाडाचा घेर, लांबी नव्हे. दंड आणि मांडी या दोन्ही हाडांच्या दांड्याचा सर्वांत कमी घेर मिलिमीटरमध्ये मोजून बेरीज करा. कॅम्पियोनी आणि इव्हान्स यांनी 2012 साली चार पायांच्या प्राण्यांसाठी दिलेलं सूत्र असं: बेरजेचा लॉग गुणिले 2.749, वजा 1.104, हा ग्रॅममधल्या वजनाचा लॉग. उदाहरणादाखल दंडाचा घेर 160 आणि मांडीचा 150 धरू. बेरीज 310, तिचा लॉग 2.491. गुणाकार 6.849, वजाबाकी करून 5.745. 10 चा 5.745 वा घात काढला की ग्रॅममधलं वजन मिळतं, म्हणजे सुमारे 556 किलो. या सूत्राची सरासरी चूक पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून खरं उत्तर '415 ते 695 किलो'. रुंद वाटेल, पण हाडातून वजन काढताना एवढी रुंदी असतेच.

पाचवी पायरी: किती वर्षांपूर्वीचा?

आधी विचारा, की हाड 50 हजार वर्षांच्या आतलं असू शकतं का. मेलेल्या प्राण्याच्या हाडातला कार्बन-14 ठरावीक वेगाने घटत जातो, त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) 5,730 वर्षं. 50 हजार वर्षांनी मूळच्या चारशेव्या भागाहूनही कमी कार्बन-14 उरतो, आणि त्यापुढे मोजणी अर्थहीन होते. त्या टोकाजवळ भेसळ घातक ठरते. संग्रहालयात हाड जपण्यासाठी लावलेला डिंक किंवा लाख, मातीतली मुळं, यांतून एक टक्का जरी आधुनिक कार्बन शिरला, तरी लाखो वर्षांचं हाड सुमारे 37 हजार वर्षांचं दिसतं. म्हणून हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन वेगळं काढून शुद्ध केलं होतं का, हे अहवालात पाहा. 30 ते 45 हजारांमधली तारीख दिसली आणि शुद्धीकरणाचा उल्लेखच नसला, तर ती 'किमान' तारीख समजा.

दुसरं, आकड्याची जात ओळखा. चॅनेल बेटांपैकी सांता रोझावर 1994 साली एका बुटक्या मॅमथचा जवळजवळ अख्खा सांगाडा निघाला. लॅरी एजनब्रॉड यांच्या देखरेखीखाली त्याचं उत्खनन झालं. तो सुमारे 50 वर्षांचा नर होता. त्याची तारीख 12,840 ± 410 अशी दिली जाते. ही कार्बन वर्षं आहेत, कॅलेंडरची नव्हेत. हवेतल्या कार्बन-14 चं प्रमाण काळानुसार बदलत गेलं, म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून आणि इतर नोंदींवरून दुरुस्ती करावी लागते. ती केली की हा प्राणी साधारण 15 हजार वर्षांपूर्वीचा ठरतो. ± 410 चा अर्थही लक्षात घ्या. बहुतेक खात्री हवी असेल तर ती रुंदी दुप्पट करायची, म्हणजे दोन्हीकडे 820 वर्षं. आणखी एक बारकावा म्हणजे 'आजपासून इतकी वर्षं' यातलं 'आज' म्हणजे 1950 साल.

क्रीटमध्ये यातलं काहीच चालत नाही. हाडं फार जुनी आणि हवामान उबदार, त्यामुळे कोलॅजेन टिकत नाही. तिथे काळ काढावा लागतो सोबत्यांवरून. मालेकाच्या थरात क्रिटिमिस नावाच्या, बेटावरच नाहीशा झालेल्या उंदराचे अवशेष आहेत. या उंदराचा आकार काळानुसार बदलत गेल्यामुळे तो कॅलेंडरचं काम करतो. दुसरा पुरावा पूर्वजांचा. दाढेत पट्ट्या कमी आहेत, म्हणजे पूर्वज जुन्या मॅमथांपैकी होता, लोकरी मॅमथ नव्हे. त्यावरून मॅमथ बेटावर येण्याची शक्यता 35 लाख वर्षांपर्यंत मागे नेता येते. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा आहे, बातम्यांमध्ये नेमका तोच गळतो.

डीएनएबद्दलही सावध राहा. 2006 साली क्रीटच्या सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीच्या हाडातून डीएनए मिळाल्याचा दावा झाला. इतर संशोधकांनी लगेच त्याला आक्षेप घेतला: तुकडा फार छोटा, आणि एवढ्या उबदार जागी तो टिकणार कसा? पुढे 2021 साली मॅमथचा दहा लाख वर्षांहून जुना डीएनए खरोखर वाचला गेला, पण तो सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतून आला होता. म्हणून अशा दाव्यात वर्षांच्या आधी जागेचं तापमान बघा. मौजेची गोष्ट अशी, की क्रीटचा प्राणी मॅमथ होता हा 2006 चा निष्कर्ष दाढांनी बरोबर ठरवला. त्यासाठी दिलेला पुरावा मात्र टिकला नाही.

सहावी पायरी: समुद्र काय म्हणतो?

मिळालेली तारीख समुद्रपातळीशी ताडून पाहा. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होता. तेव्हा चॅनेल बेटांपैकी उत्तरेकडची चार बेटं मिळून 'सांतारोझी' नावाचं एकच मोठं बेट होतं. मुख्य भूमीशी ते तरीही जोडलेलं नव्हतं. सात-आठ किलोमीटरची खाडी उरायचीच. म्हणजे या बुटक्यांचे पूर्वज, मुख्य भूमीवरचे मोठे कोलंबियन मॅमथ, पोहून आले. यात नवल नाही, अंदमानात लाकूड ओढायला नेलेले हत्ती मोकळे सुटल्यावर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. सांता रोझावर मॅमथचा एक सुळा समुद्राने कोरलेल्या जुन्या पायरीच्या थरात मिळाला. तो थर सुमारे 80 हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे मॅमथ तेव्हापासून तिथे होते. बुटकं व्हायला त्यांना वेळ होता.

सातवी पायरी: खरंच बुटका का?

शेवटी नावावरही शंका घ्या. रशियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावरच्या मॅमथांविषयी 1993 साली पहिला शोधनिबंध आला तेव्हा लहान दाढा पाहून त्यांना 'बुटके' म्हटलं गेलं. पुढे जास्त हाडं मोजली गेली, तेव्हा ते सायबेरियातल्या लहान चणीच्या लोकरी मॅमथांइतकेच भरले. 'रँगलचे बुटके मॅमथ' हा शब्दप्रयोग मात्र अजून फिरतोच आहे. कारण ताडून पाहिलं तर कोडं उरत नाही. बेट मोठं, सुमारे 7,600 चौरस किलोमीटर, आणि मुख्य भूमीपासून तुटून त्यांना जेमतेम सहा हजार वर्षं मिळाली. क्रीटच्या मॅमथाला लाखो मिळाली असण्याची शक्यता आहे.

त्यांच्या वयाची गोष्ट मात्र खरी आहे. रँगलचे शेवटचे मॅमथ सुमारे 4,000 वर्षांपूर्वीपर्यंत जिवंत होते. गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हा पाचशे वर्षांचा झाला होता, आणि आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला लोक शेती करून राहत होते. अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ त्याआधी, 5,600 वर्षांपूर्वी संपले. तिथली तारीख हाडांबरोबरच तळ्याच्या गाळातूनही काढली आहे. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू आणि मॅमथचा डीएनए गाळात ज्या थराला थांबतात, तिथेच तळं आटत गेल्याच्या खुणाही आहेत. गोडं पाणी संपलं.

नोंद कशी लिहावी

वहीत प्रत्येक प्राण्यासाठी एक पान ठेवा: जागा आणि थर. कुठलं हाड किंवा कितवी दाढ. टोकं जुळली आहेत का. उंची, कुठल्या हाडावरून, मांसासकट की सांगाड्याची. वजन, दोन्ही रीतींचं. तारीख, कुठल्या पद्धतीची, कार्बन वर्षं की कॅलेंडर वर्षं. यातला जो रकाना रिकामा राहील तो रिकामाच ठेवा.

सुरुवात करायला आशियाई हत्तीचा सांगाडा सर्वांत चांगला, कारण त्याची खरी उंची आणि वजन ठाऊक असतं. दंडाचं हाड मोजा, वरच्या रीतीने उंची काढा आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडा. दहा टक्क्यांच्या आत आलात, की मग टेप घेऊन दाढेपाशी जा.